फ्रीमेसन लॉजमध्ये जाणारा ख्रिस्ती माणूस सैतानाचा होतो का?

यवतेश्वर (सातारा):
आमच्या मंडळीत मागे उपासनेनंतर बाहेरगावच्या एका मिनिस्ट्रीचं, म्हणजे ख्रिस्ती प्रचारसंस्थेचं, चार पानी पत्रक वाटलं गेलं. त्यात म्हटलंय की फ्रीमेसनरी (मेसन म्हणवणाऱ्या सभासदांचा बंधुसंघ, त्याची शाखा म्हणजे लॉज) हा ख्रिस्तविरोधी धर्म आहे, सभासदत्वाच्या वरच्या पायऱ्यांवर ल्युसिफरची, म्हणजे सैतानाची, भक्ती चालते आणि लॉजच्या ख्रिस्ती सभासदाने जाहीर पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेऊ नये. मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे आणि पुण्यातल्या एका लॉजचा सभासदही. पत्रक माझ्याही हातात दिलं गेलं, त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नाही.

आधी ल्युसिफर. तिसऱ्या पानावर अल्बर्ट पाइक या अमेरिकन मेसनच्या नावावर १४ जुलै १८८९ चं एक फर्मान छापलंय: ल्युसिफर हाच देव, असा त्याचा अर्थ. पाइक वारला १८९१ मध्ये. हा मजकूर छापून आला १८९४ मध्ये, फ्रान्समध्ये, आणि त्याचं मूळ लिओ टॅक्सिल या माणसापाशी जातं. हा टॅक्सिल आधी चर्चवर गलिच्छ लिहून पैसे कमवायचा. १८८५ मध्ये त्याने कॅथलिक पंथात परतल्याचं सोंग घेतलं आणि पुढची बारा वर्षं मेसनांच्या सैतानपूजेच्या कथा छापून विकल्या. त्यासाठी डायना व्हॉन नावाची बाईसुद्धा रचली. पोप लिओ तेरावे यांनीही त्याला भेटीची वेळ दिली होती. शेवटी १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भरसभेत त्यानेच सांगून टाकलं की सगळं थोतांड होतं. आणि आज आपल्या साताऱ्यात, देवाच्या घरात, तेच थोतांड सत्य म्हणून वाटलं जातंय. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा मेसनांच्या बाबतीत लागू नाही का?

आता ‘वेगळा धर्म’. २४ जून १७१७ ला लंडनच्या चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली. १७२३ ची तिची घटना लिहिली जेम्स अँडरसन यांनी, आणि ते स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पाळक होते. आदल्या शतकात इंग्लंडमध्ये धर्म आणि राजसत्तेवरून रक्त सांडलं होतं, म्हणून लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी आली. ती आजही आहे. परमेश्वरावर विश्वास असल्याशिवाय मेसन होता येत नाही. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंट या मेसन संस्थेने १८७७ मध्ये ही अट काढली, तेव्हा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्यांच्याशी संबंध तोडले. सैतानाचे भक्त देवावरच्या श्रद्धेसाठी आपल्याच भाऊबंदांशी फारकत घेतील का?

भारतात लॉजमध्ये पवित्र शास्त्राशेजारी गीता, कुराण, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता असतात. ज्याची ज्यावर श्रद्धा, त्याने त्यावर हात ठेवून वचन द्यायचं. तिथे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, तारणाचं आश्वासन नाही. माझं तारण ख्रिस्तात आहे आणि ते मी लॉजमध्ये शोधायला जात नाही. जोतीराव फुल्यांनी कुठल्याही एका धर्माचं नाव न घेता निर्मिकाची प्रार्थना करायला शिकवलं. त्यांना आपण सैतानाचे म्हणतो का?

मिरजकर:
जय ख्रिस्त, काका. टॅक्सिलचं प्रकरण मी तपासलं. तुमचं बरोबर आहे, ते फर्मान छापायला नको होतं.

पण ते पान फाडून टाकलं तरी माझा आक्षेप तसाच राहतो. तुमच्या प्रार्थनेत येशूचं नाव का नाही? देवाला ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हटलेलं चालतं, मग वधस्तंभावर मेलेला प्रभू का चालत नाही? ही शंका कुणा गल्लीतल्या मिनिस्ट्रीची नाही. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने १९८५ मध्ये आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या अहवालाने १९८७ मध्ये असेच प्रश्न विचारले. कॅथलिक चर्चची बंदी १७३८ पासून आहे. १९८३ मध्ये ती पुन्हा सांगितली गेली, २०२३ मध्ये परत.

दुसरं म्हणजे नव्या सभासदाला डोळ्यांवर पट्टी बांधून आत आणतात आणि तो प्रकाश मागतो. काका, तुम्ही त्याआधीच जगाच्या प्रकाशाला, ख्रिस्ताला, ओळखलं होतं ना? मग तिथे अंधारातला माणूस म्हणून का उभे राहिलात? आमच्या मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडलं. रोगी सगळ्या जातिधर्मांचे होते, पण प्रभूचं नाव कुणाला वाईट वाटेल म्हणून झाकलं गेलं नाही. आणि प्रभू स्वतः म्हणाला, मी गुप्तपणे काही बोललो नाही.

यवतेश्वर:
मुला, प्रश्न मनापासून विचारलास. पट्टी हा विधीचा भाग आहे, उमेदवार या बंधुसंघात नवखा आहे एवढंच ती दाखवते. त्या क्षणी मी ख्रिस्ताला नाकारलं नाही आणि कुणी तसं करायला सांगितलंही नाही. तसं सांगितलं असतं तर पट्टी काढून तिथूनच घरी आलो असतो.

नावाबद्दल. ज्या सभेत हिंदू, पारशी, मुसलमान, शीख बसलेत, तिथे सगळ्यांच्या वतीने ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडून कबुलीजबाब वदवून घेणं. मला ते पटत नाही. माझ्या मनातली प्रार्थना त्याच्याच नावाने होते. जेफ्री फिशर १९४५ ते १९६१ कँटरबरीचे आर्चबिशप होते आणि मेसनही होते. ते काय ख्रिस्त सोडून बसले होते?

आणि आपल्या साताऱ्याचं सांगतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनमधून बाहेर पडून १९१७ मध्ये इथेच ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र. तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या.

मिरजकर:
दरबारात बाप्तिस्म्याची अट नव्हती, काका, पण सगळे ख्रिस्ताचेच शिष्य होते. टिळकांना तुमच्या बाजूने उभं करू नका.

कोयनाकाठ (कराड):
मी ख्रिस्ती नाही, देवही मानत नाही. पण फुल्यांचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मूळ घराणं आमच्या जिल्ह्यातल्या कटगुणचं. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला तो उघड्यावर, शेतकऱ्याला आणि अस्पृश्याला कळेल अशा भाषेत. तुमच्या लॉजमध्ये खुणा, परवलीचे शब्द, बंद दार. आत कोण? संस्थानिक, वकील, साहेब लोक. बंधुभाव म्हणता, मग कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांना हिंदू म्हणून वर्षानुवर्षं बाहेर का ठेवलं? १८७२ मध्ये कुठे दार उघडलं. सैतान वगैरे भाकडकथा आहे, पण ज्याचा हिशेब लोकांना दिसत नाही त्या संस्थेवर लोक संशय घेणारच.

यवतेश्वर:
दत्तांवर अन्याय झाला. त्याची सफाई देणार नाही. पण मुंबईत भारतीय लोकांसाठी ‘रायझिंग स्टार’ लॉज १८४० च्या दशकातच निघाली होती, हेही इतिहासात आहे.

बंद दाराबद्दल मात्र मी भांडणार. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस सभा निघाली. सभासद गुपचूप जमायचे, जात मोडायची म्हणून परजातीच्या हातचं खायचे. नावं फुटली तेव्हा सभा मोडली. ती माणसं काय कटवाली होती? आपले बाबा पदमनजी त्यांच्यातच होते. गुप्तता पाहून लगेच पाप म्हणायचं असेल तर ह्यांनाही म्हणा. शिवाय आज लॉजच्या इमारतीवर पाटी असते, मेसन स्वतःहून आपली ओळख सांगू शकतो. जुन्या शपथेतल्या शिक्षांची भीषण वर्णनं इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतून काढून टाकली.

मिरजकर:
पदमनजी सभेतून बाहेर आले आणि १८५४ मध्ये उघडपणे बाप्तिस्मा घेतला. घरदार दुरावण्याची भीती असूनही. मी तुम्हाला तेच तर सांगतोय.

वाईकरीण:
दोघांनाही नमस्कार. यवतेश्वर काका, तुमच्या लॉजमध्ये बाईला जागा नाही. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांची एकत्र लॉज निघाली, तुमच्या लॉजने मात्र अजून दार उघडलेलं नाही. हे मला सलतं आणि यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाही.

तरीही पत्रकाच्या विरोधात मी तुमच्याबरोबर आहे. विहिरीत पाव टाकून ख्रिस्ती लोक गाव बाटवतात, असं आपल्याबद्दल बोललं गेलं. आमच्या आजीला पाणवठ्यावर ते ऐकून घ्यावं लागलंय. ज्यांनी अफवेचा मार खाल्ला त्यांनी दुसऱ्याबद्दल अफवा छापावी? आणि प्रभुभोजनाला कोणी यायचं हे बाहेरगावची मिनिस्ट्री कशी ठरवणार? ते पाळक आणि मंडळीची कमिटी बघेल. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या लोकांनी मेसनरीवर कडक टीका केली, पण १९९३ मध्ये सभासदत्वाचा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला.

मिरजकर:
ताई, अफवेचं मान्य. मिनिस्ट्रीत माझ्या ओळखीचे भाऊ आहेत. तिसरं पान मागे घ्या, असं मी त्यांना लेखी कळवतो. येशूच्या नावाचा प्रश्न मी सोडणार नाही, काका.

यवतेश्वर:
सोडू नकोस. पण प्रभुभोजनाचं वाक्यही मागे घ्या, असं पत्रात घाल. नुसतं पाइकचं पान गेलं आणि ते वाक्य राहिलं, तर मला मंडळीतून उठवायला तेवढंच पुरेसं आहे. ताई, स्त्रियांच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझ्याकडे त्याचं समर्थन नाही. लॉजच्या पुढच्या बैठकीनंतर, जेवणाच्या वेळी, मी हा विषय काढतो.