आधी पैठण कुठं बसवायचं ते सांगा

मराठी शब्दकोडी म्हणजे नुसते समानार्थी शब्द, डोक्याला ताणच नाही, असं काहीजण म्हणतात, ते सोडवणाऱ्याच्या बाजूनं बरंचसं खरं आहे, पण ती सोपी का राहतात ते रचायला बसल्यावर कळतं बघा. इंग्रजीत एका घरात एक लेटर, पर्याय फक्त २६. आपल्याकडं एका घरात अख्खं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, म्हणजे पर्याय शेकड्यांनी आणि जोडाक्षरं वेगळीच. मी परभणीत एका साप्ताहिकासाठी कोडी रचायचो, वरच्या ओळीत पैठण आडवं घेतलं की पै खाली पैसा नाहीतर पैलवान उतरतो, ठ खाली ठसा निघतो, पण ण नं सुरू होणारा शब्द आणायचा कुठून? मग पैठण खालच्या ओळीत ढकला आणि ण वर सण, कण असलं काहीतरी संपवा, नाहीतर काळं घर टाका. काळी घरं वाढली की शब्द आखूड होतात, आणि दोन अक्षरी शब्द माणूस अंदाजानंच भरतो.

क्रिप्टिक, म्हणजे शब्दाचे तुकडे पाडून आडवळणानं विचारलेलं कोडं, मराठीत जमत नाही असंही म्हणतात, ते मात्र पटलं नाही. हा क्लू बघा: ‘हिंदीत आण म्हटलं, मागून वरणाची डाळ आली, झालं शहर (३)’. ला अधिक तूर, लातूर. आमच्याकडं हिंदी सगळ्यांच्याच तोंडी, आणि तूर तर तिथल्या आडतीवर पडलेलीच असते. फक्त अक्षरं उलटीपालटी करायचा इंग्रजी प्रकार फार चालत नाही, मात्रा अक्षराला चिकटूनच फिरते ना, जालना कसंही मांडा, दुसरा मराठी शब्द काही निघत नाही.