परदेशातून आलेला नट मराठी डेली सोपमध्ये 'घरचा' होऊ शकतो का?

घोडबंदरकर
ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत, आणि घाट उतरून पुढे काशिमीरा-नायगावपर्यंत, मराठी मालिकांचे सेट पसरलेत. परदेशात जन्मून इथे कायमचा राहायला आलेला नट या सेटवर आला तर त्याला मिळतं काय? गोरा साहेब, वाट चुकलेला पर्यटक, नाहीतर नायकाची लंडनची बॉस. तीन दिवसांचं काम आणि टाटा. माझं म्हणणं सरळ आहे. शेजारीण, डॉक्टर, धाकटी सून, शाळेतली बाई अशा भूमिका या लोकांना द्याव्यात. उच्चाराचं कारण पुढे करतात ते लंगडं आहे. सुझान बर्नर्ट जर्मनीहून आली आणि चांगलं मराठी बोलते. पण 'चक्रवर्तिन अशोक सम्राट' या हिंदी मालिकेत (२०१५) तिच्या वाट्याला आली ग्रीक राणी हेलेना, आणि २०१९ च्या सिनेमात सोनिया गांधी. कामं मोठी आहेत, नाही कुठे म्हणतोय? पण दोन्ही 'बाहेरची'च. नव्वदच्या दशकात गोरे टॉम ऑल्टर 'जुनून' या हिंदी मालिकेत केशव कलसी झाले होते. तेव्हा हिंदीला जमलं ते आज मराठीला का जमू नये?

बूममागचा
लंगडं कारण म्हणणाऱ्याने एकदा सेटवर हेडफोन लावून बसावं. डेली सोपचा आवाज सेटवरच घेतात. सिनेमात उच्चार डबिंगला सुधारतो, इथे तेवढी उसंतच नसते. अर्ध्या तासाच्या स्लॉटला जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो आणि युनिट रोज जवळजवळ तेवढाच काढतं. बँक, म्हणजे आधी काढून ठेवलेले एपिसोड, संपली असेल तर आजचं शूट उद्या टेलिकास्टला. त्यात एकाचीच वाक्यं डब करायची म्हणजे स्टुडिओ आला, नटाची तारीख आली, आणि त्या वाक्यांमागचा पंखा, भांडी, पावलं सगळं पुन्हा भरणं आलं.

जेवणाच्या टेबलाचा सीन घ्या. सात माणसं, सातही जणांना लेपल, म्हणजे कपड्यावर लावलेला छोटा माइक. पदराची सळसळ आणि ताटांचा आवाज आधीच पिडत असतो. एकाचा शब्द चुकला तर तेवढाच शब्द पॅच करता येत नाही, कारण तो चुकीचा शब्द शेजारच्या दोघांच्या माइकमध्येही बसलेला असतो. मग अख्खा शॉट परत. मास्टर (सगळ्यांचा एकत्र शॉट) झालाय, क्लोज (एकेकाचे जवळून शॉट) राहिलेत, बारा तासांची शिफ्ट संपत आलीय, आणि कथेवर लक्ष ठेवणारा क्रिएटिव्ह घड्याळ बघतोय.

आणि 'ळ'ची चिंता करू नका. 'ळ'चा 'ल' झाला तर प्रेक्षक पोटात घालतो. घोळ होतो तो ट-तमध्ये, ख-घ-भमध्ये आणि सगळ्यात जास्त हेलात. रागाच्या तुटक वाक्याचा शेवट वर गेला की ऐकणाऱ्याला तो प्रश्न वाटतो. अशा वेळी समोरच्या नटाची रिअॅक्शन कितीही चांगली आली तरी एडिटला बसत नाही.

शेड्युलवाली
बूमदादा, आवाजाचं सगळं मान्य. पण उच्चार ही दुसऱ्या नंबरची अडचण. पहिली अडचण अशी की कागद वेळेवर येत नाही. गुरुवारी बार्कचे टीआरपीचे आकडे येतात, शुक्रवारी कथेचा ट्रॅक फिरतो, आणि नऊच्या शिफ्टचा सीन साडेआठला व्हॉट्सॲपवर पडतो. आपला नट मेकअपच्या खुर्चीत तो दोनदा वाचतो, उरलेलं एडी (सहायक दिग्दर्शक) प्रॉम्प्ट करतो. एडी अर्धं वाक्य टाकतो आणि पुढचं अर्धं नट स्वतः जुळवतो. भाषा आत मुरल्याशिवाय हे होत नाही. पाठांतर पक्कं असलेली बाहेरची माणसं इथेच गडबडतात, कारण त्यांनी पाठ केलेलं वाक्य सेटवर आल्यावर बदललेलं असतं.

तरी अशक्य नाही हो. नायिका नको, आधी घरातलं दुय्यम पात्र द्या. महिन्याला पाच दिवस, तेही सलग. तेवढ्या दिवसांचे त्याचे सीन आदल्या संध्याकाळी सहापर्यंत लॉक. कागद देवनागरीतच द्यायचा. रोमनमध्ये ट आणि तला एकच अक्षर, ण आणि नलाही एकच, मग उच्चार चुकणारच. सोबत संवाद लेखकाने स्वतःच्या आवाजात वाचलेली ऑडिओ नोट. एका सीनमध्ये सहा-सातपेक्षा जास्त वाक्यं नकोत, आणि लांब वाक्य तर मुळीच नको. पात्र बाहेरून आलेलंच लिहा, पण तो विषय तिथेच सोडून द्या. दर एपिसोडला त्या पात्राच्या मराठीवर विनोद नकोत.

नांदेडी भाऊ
वा. जर्मन सुनेसाठी संध्याकाळी सहाला सीन लॉक! नांदेड-लातूरच्या पोराला ऑडिशनलाच सांगतात, 'हेल घालवून या'. तो बिचारा सहा महिने पुणेरी घोटतो, मग भूमिका मिळते ती गावाकडच्या गड्याची, आणि तेव्हा म्हणतात आता जरा गावरान बोला. त्याच्यासाठी कोणी ऑडिओ नोट पाठवली? आधी आपल्यातल्या बाहेरच्यांना आत घ्या.

घोडबंदरकर
भाऊ, हा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. एकाला अडवलं म्हणून दुसऱ्यालाही अडवा, हे कुठलं गणित? सीन आदल्या दिवशी लॉक झाला तर लातूरच्या पोरालाही तो आदल्या दिवशीच मिळेल.

जुना दूरदर्शनवाला
धागाकर्त्यांना एक दुरुस्ती. टॉम ऑल्टर परदेशातून आलेले नव्हते. जन्म मसुरीचा, १९५० चा. त्यांचे आजी-आजोबा १९१६ मध्ये अमेरिकेतून आले होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते १९७२ ते ७४ शिकले आणि उर्दू त्यांची घरच्यासारखी होती. त्यांचं उदाहरण तुमच्या उपयोगाचं नाही, उलट बूममागचा म्हणतात तेच ते सिद्ध करतं. भाषा लहानपणापासूनची होती म्हणून केशव कलसी उभा राहिला.

घोडबंदरकर
दुरुस्ती मान्य, निष्कर्ष नाही. इथेच जन्मलेल्या, अस्खलित बोलणाऱ्या माणसालाही सिनेमाने कितीदा इंग्रज अधिकारी केलं ते आठवा. म्हणजे भाषा असूनही चेहराच आड आला. आता उलट बघा. नेपाळहून आलेल्या नटाला १९५० च्या करारामुळे व्हिसा लागत नाही. दिसायला 'आपल्यातला' वाटला तर त्याच्या हेलाबद्दल कोण चौकशी करतं? उच्चार ऐकू येतो तो गोऱ्या नाहीतर काळ्या चेहऱ्याचा.

वाशीचा सीए
तुम्ही सगळे कॅमेऱ्यापुढचं बोलताय. गाडी त्याच्या आधीच अडते, कागदपत्रांवर. शेड्युलवाली ताईंच्या पाच दिवसांच्या योजनेचंच गणित मांडतो.

नेपाळी सोडला तर परदेशी नागरिकाला इथे काम करायला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. टुरिस्ट व्हिसावर एक दिवसाचं क्राउडचं (गर्दीत उभं राहायचं) कामही बेकायदा, आणि ते सर्रास चालतं हा वेगळा विषय. ठरावीक मुदतीच्या करारावरचा कलाकार या व्हिसात बसतो, पण वर्षाचा मोबदला सर्वसाधारणपणे १६.२५ लाखांच्या वर लागतो. महिन्याला १५ दिवसांची हमी धरली तर वर्षाचे १८० दिवस, म्हणजे दिवसाला नऊ हजारांवर दर. ओळखीच्या चेहऱ्याला तो मिळू शकतो. ताईंचे पाच दिवस धरले तर वर्षाचे ६० दिवस, म्हणजे दिवसाला २७ हजारांच्या वर. घरातल्या दुय्यम पात्राला मराठीत हा दर कोण देणार?

दुसरी गोम जास्त वाईट आहे. हा व्हिसा एका मालकाला बांधलेला असतो. त्याच समूहातली कंपनी सोडली तर देशात राहून मालक बदलता येत नाही. आपल्या नटाचं पोट भरतं ते एका निर्मात्याकडे मालिका, दुसऱ्याकडे चार दिवसांचा कॅमिओ, शनिवार-रविवार गडकरीला नाहीतर भावे नाट्यगृहात प्रयोग, अशा जोडकामावर. बांधलेल्या व्हिसावर हे काहीच करता येत नाही. आणि मालिका तर टीआरपी पडला की पंधरा दिवसांच्या नोटिशीवर गुंडाळतात. मालिका गेली की व्हिसाचा आधारही गेला.

त्यामुळे व्हिसा लागणाऱ्यांपैकी 'घरचा' होऊ शकतो तो फक्त ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डवाला. भारतीयाशी लग्न नोंदवून दोन वर्षं पूर्ण झाली की अर्ज करता येतो. भारतीय वंशाच्या मुला-नातवंडांना वंशावरून मिळतं. कार्ड असलं की कुठल्याही निर्मात्याकडे अभिनय करा, पोलीस नोंदणीही नको. फक्त लग्नावरून मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला की जातं, हे ध्यानात ठेवा.

शेड्युलवाली
सीए साहेब, २७ हजारांचं गणित चोख आहे, पण तुम्ही ते माझ्या योजनेवर टाकताय. मी बोलतेय ती इथे संसार करणाऱ्यांबद्दल, म्हणजे तुमच्या ओसीआयवाल्यांबद्दलच. त्यांना ही अट नाही. मग पाच दिवसांत काय वाईट?

बूममागचा
वाईट एवढंच की ओसीआयमध्ये न्यू जर्सीत वाढलेली जोशी-पाटीलही आली. आडनाव बघून क्रिएटिव्ह खूश होतो, लुक टेस्ट झकास होते, आणि सीनला बसल्यावर कळतं की हिच्यापेक्षा त्या जर्मन बाईंचं मराठी बरं. लुक टेस्टमध्ये चार ओळींपलीकडे कोणी बोलायला लावत नाही. एक साधी गोष्ट करा. अनोळखी सीन हातात द्या, दहा मिनिटं द्या, मग प्रॉम्प्टवर घ्या, समोर दुसरा नट उभा करून. त्यात टिकली तर मी माझे शब्द मागे घेतो. मग ती गोरी असो की काळी, मला फरक पडत नाही. माझ्या कानाला चेहरा नसतो.

घोडबंदरकर
ही चाचणी मंजूर. फक्त ती सगळ्यांना लावा. सध्याच्या निम्म्या नायिका त्यात पडतील.

नांदेडी भाऊ
निम्म्या? 😄

वाशीचा सीए
कोणी खरंच या वाटेने येत असेल तर पैशाचं सांगतो, कारण माणसं परत जातात ती त्यापायी. मालिकेचा मोबदला साधारण ९० दिवसांच्या उधारीवर मिळतो. जानेवारीत काम केलं, महिनाअखेर बिल टाकलं, तर पैसे एप्रिलच्या शेवटी, तेही वेळेवर निघाले तर. कासारवडवलीकडे २५ हजार भाडं धरलं तर जानेवारी ते एप्रिल अशी चार भाडी, म्हणजे एक लाख, वर डिपॉझिट. शिवाय रात्री पॅकअपनंतर घरी जायची रिक्षा. हे हातात नसेल तर पहिलाच करार घाईत होतो, आणि त्यात दुसरीकडे काम करायचं नाही हे कलम असतं पण महिन्याच्या हमीच्या दिवसांचा आकडा नसतो. तो आकडा लिहून घ्या. नाटकाच्या तारखांची एनओसीही करारातच, तोंडी नको.

टीडीएस १० टक्के कापतात. परदेशी नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, म्हणजे उदाहरणार्थ दिवाळीच्या सुमारास उतरला आणि आधीच्या वर्षांत इथे फारसा नव्हता, तर अनिवासी कलाकार म्हणून २० टक्के आणि वर उपकर. निर्मात्याच्या अकाउंटंटला बहुतेक वेळा हे माहीत नसतं. तो १० कापतो आणि फरक पुढे वसुलीला येतो. एप्रिलमध्ये आलात आणि इथेच राहिलात तर हा प्रश्न पहिल्या वर्षीही येत नाही.

घरमालकाचंही बघा. परदेशी नागरिकाला जागा दिली की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची जबाबदारी मालकाची असते. बरेच मालक ही कटकट नको म्हणून जागाच नाकारतात. भाडेकरार करण्याआधी मालकासमोर लॅपटॉप उघडून ते भरून दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.