बिल पास झाल्यावर कोर्टात धावायचं, की बिल असतानाच पकडायचं? गोव्यातल्या नागरिक गटांबद्दल चर्चा

साखळीकर:
मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा. आमचा डिचोली-सत्तरीतला एक छोटा गट आहे, मास्तर, बागायतदार, एक रिटायर्ड तलाठी, बाकी माझ्यासारखे नोकरीवाले. विधानसभेत येणारी बिलं वाचायची, साध्या मराठीत टिपण काढायचं आणि आमदाराला, पंचांना नेऊन द्यायचं, एवढंच काम. त्यावरून दोन्हीकडून ऐकून घेतोय. एक म्हणतात यानं काय होणार, सरळ कोर्टात जा. दुसरे म्हणतात तुम्हाला विचारलंय कोणी.

माझं म्हणणं असं की गोव्यात आपल्याला थांबवता येतं, बदलून घेता येत नाही. २००६ मधे रिजनल प्लॅन २०११, म्हणजे राज्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची त्याचा आराखडा, आला, डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर माणसं जमली, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मधे राणे सरकारला तो प्लॅन मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी कामत सरकारने एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) धोरण गुंडाळलं. मोठ्या गोष्टी आहेत या, ज्यांनी केल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मग टास्क फोर्स झाला, वास्तुविशारद चार्ल्स कुरैयांसारखी माणसं त्यात होती, गावागावात नकाशे गेले आणि रिजनल प्लॅन २०२१ तयार झाला. पण हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं तो १९७४ चा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा, त्यात गावाचा शब्द बंधनकारक करा ही मागणी तेव्हापासूनची, ती कायद्यात बसलीच नाही. म्हणून तर त्याच कायद्यात जमिनीचा झोन बदलू देणारी कलमं घुसवता आली, २०१८ मधे १६बी, २०२३ मधे १७(२), २०२४ मधे ३९ए. प्लॅन गावाने बसून केला आणि तो एकेका सर्व्हे नंबरने बदलायची चावी राहिली पणजीत.

१७(२) चंच बघा. प्लॅनमधल्या नजरचुका दुरुस्त करायच्या म्हणून आणलेलं कलम, त्यात लोकांच्या हरकती मागवायची सोयच नव्हती. मार्च २०२५ मधे हायकोर्टाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाला मर्यादा घातली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. मधल्या दोन वर्षांत ज्या जमिनी सेटलमेंट, म्हणजे बांधकामाच्या झोनमधे गेल्या, जिथे जेसीबी लागला, तो डोंगर निकालाने परत उभा राहतो का?

म्हणून आमची मागणी एकच. सरकारचं कुठलंही बिल सभागृहात यायच्या आधी ३० दिवस लोकांसमोर पाहिजे, तेही कोकणी आणि मराठीत. केंद्राने २०१४ मधे असं धोरण केलंय पण ते राज्यांना लागू नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामात जागा आहे, मग ग्रामसभा आपल्या भाषेत आणि बिल फक्त इंग्रजीत हे कुठवर चालवून घ्यायचं?

फोंड्याचा वकील:
तुमचा हेतू चांगला आहे पण साखळीकर, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. ३९ए मधे ३० दिवस आहेत की! झोन बदलायचा प्रस्ताव आला की नोटीस निघते, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ छापून येतं, ३० दिवसांत सूचना द्या म्हणतात. लोक ग्रामसभेचे ठराव घेऊन जातात, सह्यांचे गठ्ठे नेतात. ते ठराव मानायचं बंधन कुणावर आहे? कोणावरच नाही. नुसता वेळ मागून काय मिळणार, वेळ दिला की सरकार कोर्टात सांगायला मोकळं की आम्ही लोकांना विचारलं होतं. १७(२) ला लगाम कुणी घातला? याचिकेने. गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी, गोवा बचाव अभियान हे कोर्टात उभे राहिले म्हणून तो निकाल आला. टिपणं काढून आमदाराच्या टेबलावर ठेवली असती तर तिथेच पडली असती. आणि तुमच्यासारखे शिकलेले लोक त्या कामात अडकले की याचिकेसाठी कागद गोळा करायला, आरटीआय टाकायला, एक-चौदाचे (आपल्याकडचा सातबारा) उतारे काढायला माणूस उरत नाही. मनुष्यबळ कमी आहे, ते जिथे निकाल लागतो तिथे घाला.

मुंडकाराचा मुलगा:
मी वेगळंच सांगणार आहे आणि स्पष्ट सांगतो. तुम्ही सगळे डोंगर, झोन, सेटलमेंट यावर बोलताय, कारण तुमच्या घराच्या कागदावर तुमचं नाव आहे. आमचं घर तीन पिढ्यांचं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, त्याच्या जमिनीवर घर असलेले आम्ही मुंडकार, १९७५ चा मुंडकार कायदा आहे पण मामलेदाराकडे तारखा घेऊन आजोबा गेले, आता बाबा जातात. जुलै २०२१ मधे भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आलं. ३० वर्षं गोव्यात राहणाऱ्याला, १ एप्रिल २०१९ च्या आधी बांधलेल्या २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराचा मालकी हक्क. आमच्या वाड्यावर लोकांना वाटलं सुटलो एकदाचे. आणि मग काय झालं? सगळीकडून गदारोळ, परप्रांतीयांना जमिनी वाटतायत, नावच चुकीचं आहे, रद्द करा. मुख्यमंत्र्यांनी नाव बदलतो म्हटलं, बिल राज्यपालांकडे गेलंच नाही, निवडणूक आली, विषय संपला. ज्यांनी ओरड केली त्यांचं घर एक दिवस तरी धोक्यात होतं का? मग २०२५ मधे कोमुनिदाद (गावाच्या सामुदायिक) जमिनीवरची आणि सरकारी जमिनीवरची जुनी घरं नियमित करायचे कायदे आले तेव्हाही विरोध. जनहित जनहित करताय, त्या जनात आम्हाला धरता का नाही ते आधी सांगा. तुम्हाला कोणी मत दिलेलं नाही. आमदाराला तरी पाच वर्षांनी आमच्या दारात यावं लागतं.

पेडणेकर बाय:
मुंडकाराचा मुलगा, तुझं दुखणं खरं आहे रे आणि त्यावर कोणी नीट बोलत नाही हेही खरं. पण २०२१ चं ते बिल आठव. अधिवेशन तीन दिवसांचं, शेवटच्या दिवशी, ३० जुलैला, बाकीच्या बिलांच्या गठ्ठ्यात पास केलं. ते तुझ्यासाठी चांगलं होतं की वाईट हे वाचायला तुला तरी मिळालं होतं का? त्यात हरकतीला किती दिवस, अपील कुठे, भाटकाराला पैसे कोण देणार, हे प्रश्न तुझ्या बाबांचे होते. महिनाभर आधी ते तुमच्या वाड्यावर वाचलं गेलं असतं तर परप्रांतीयांची भीती आणि मुंडकाराचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या, सुधारणा सुचवता आल्या असत्या. तसं झालं नाही म्हणून सगळं एकत्रच बुडालं. घाईने तुझंच नुकसान केलं, विरोधाने नंतर.

आणि वकील साहेब, तुम्हाला पण सांगते. २०२३ मधे पेडण्याचा झोनिंग प्लॅन आला होता तो मागे गेला तो कोर्टाने नाही, लोकांनी. आमच्या गावात बायका नकाशा जमिनीवर पसरून आपापला सर्व्हे नंबर शोधत होत्या, शेत कुठल्या रंगात दाखवलंय, देवराई कुठल्या रंगात. ज्यांनी आयुष्यात कधी नकाशा पाहिला नव्हता त्यांना दोन संध्याकाळीत कळलं की काजूच्या बागेवर सेटलमेंटचा रंग आलाय म्हणजे काय होणार आहे. कागद समजला की माणूस उठतो, आणि कागद समजवायचं काम कोणीतरी करावंच लागतं, ते वकील करत नाहीत.

मडगावकर:
बाई, नकाशा समजतो कारण त्यावर आपली जमीन दिसते. बिल तसं नसतं. "पोटकलम अमुक ऐवजी पुढील मजकूर दाखल करावा" एवढंच लिहिलेलं असतं, मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय वकिलालाही अर्थ लागत नाही.

पण माझा मुद्दा दुसरा आहे. साखळीकर आमदारांना टिपण देतात. ४० आमदारांचं सभागृह. पक्षाने व्हिप काढला की आमदार व्हिपप्रमाणे हात वर करणार, नाहीतर आमदारकी जाणार. त्याला तुमचं टिपण पटलं तरी तो काय करू शकतो? आणि विरोधी बाकावरचे म्हणाल तर २०१९ मधे काँग्रेसच्या १५ पैकी १० जण पलीकडे गेले, २०२२ मधे ११ पैकी ८. आज ज्याला समजावून सांगितलं तो उद्या ट्रेझरी बेंचवर. खाजगी विधेयक शुक्रवारी मांडायचं, मंत्र्याने आश्वासन द्यायचं आणि मेंबरने मागे घ्यायचं, हेच वर्षानुवर्षं चाललंय. अशा सभागृहात लोकहिताचा कायदा आतून होईल यावर माझा विश्वास नाही. रस्त्यावर दहा हजार माणसं दिसली की सरकार ऐकतं, २००७ मधे तेच झालं.

साखळीकर:
मडगावकर, व्हिप सभागृहात लागतो. त्याच्या आधी बिल खात्यात असतं, मग कॅबिनेटसमोर असतं. तिथे सत्ताधारी आमदार जाऊन सांगू शकतो की माझ्या मतदारसंघात यावरून आग लागेल, आणि ते सांगतात. रस्त्यावर दहा हजार माणसं आली ती रिकाम्या हाताने आली नव्हती. प्लॅनमधे कुठल्या गावात काय दाखवलंय हे आधी कोणीतरी रात्री जागून तपासलं होतं.

लांब पल्ल्याचं उदाहरण देतो, शेजारचंच. महाराष्ट्रात जादूटोणा विरोधी कायद्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समिती दीड दशकाहून जास्त काळ लढली. मसुदा, पुन्हा मसुदा, वारकऱ्यांचे आक्षेप, कलमं गाळली, भाषा बदलली, सरकारं बदलली. दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मधे खून झाला, मग अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. इतकी मोठी किंमत कुणालाच द्यावी लागू नये. पण खून झाल्यावर सरकारला काही दिवसांत अध्यादेश काढता आला कारण मसुदा तयार होता, घासूनपुसून तयार होता. आपल्याकडे उद्या सरकार झुकलं आणि म्हणालं बरं, काय पाहिजे ते लिहून द्या, तर देणार काय? "रद्द करा" एवढंच. १७(२) रद्द, ३९ए रद्द, ठीक आहे, त्या जागी काय? ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीला ३० वर्षं होऊन गेली, ग्रामसभेचं नियोजन जिल्हा नियोजन समितीत आणि तिथून राज्याच्या आराखड्यात कसं बसवायचं याची कलमं कोणी लिहिलीयत?

फोंड्याचा वकील:
मसुदा असावा हे मान्य. पण पास झालेल्या चांगल्या कायद्याचं काय होतं तेही बघा. लोकायुक्त कायदा आपण २०११ मधे केला. लोकायुक्त न्यायमूर्ती मिश्रा २०२० मधे निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या २१ अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही हे जगजाहीर झालं. आणि २०२१ मधे दुरुस्ती आणून लोकायुक्तांचे होते ते अधिकारही कापले. मसुदा कितीही चांगला लिहा, बहुमत ज्याचं तो पुढच्या अधिवेशनात बदलतो. बहुमताला लगाम घालणारी एकच जागा घटनेने ठेवलीय, कोर्ट. तुम्ही आदर्श कायदा लिहीपर्यंत तिकडे डोंगराची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करायची परवानगी, निघालेली असेल, आणि ती सनद थांबवायला स्टे लागतो, टिपण नाही.

पर्वरी:
एक वेगळा मुद्दा, पैशाचा. अमेरिकेत सत्तरच्या दशकात ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी राज्याराज्यात पब्लिक इंटरेस्ट रिसर्च ग्रुप काढले, ते हेच करतात जे साखळीकर म्हणतायत, अभ्यास, मसुदा, आमदारांच्या भेटी. पगारी माणसं ठेवता आली कारण कॉलेजच्या फीमधून ठराविक रक्कम मिळायची. पण त्यावरूनच वाद झाले, ज्या विद्यार्थ्यांना त्यांची मतं पटत नव्हती ते म्हणाले आमच्या पैशातून का, कोर्टात गेले. आपल्याकडे नोकरी सांभाळून बिल वाचणारे किती टिकतील? आणि पैसे घेतले तर पहिला प्रश्न येणार, कुणाचे घेतले.

साखळीकर:
पैसे घेत नाही आणि घेणारही नाही, त्यामुळे वेग कमी आहे हे मान्य. वकील साहेब, मी कोर्ट सोडा म्हणत नाहीये. तुमच्या याचिकेत "लोकांना विचारलंच नाही" हा मुद्दा असतो ना, तो मुद्दा उभा राहायला आधी लोकांना विचारायचं बंधन कायद्यात लागतं. ३९ए मधले ३० दिवस फुकट जातात कारण हरकत का फेटाळली ते लेखी द्यायची सक्ती नाही. ती सक्ती आमच्या मसुद्यात आहे. हरकत फेटाळली तर कारण द्या, ग्रामसभेला कळवा, त्यावर अपील ठेवा. मग कोर्टात तुम्हालाच हत्यार मिळेल.

मुंडकाराचा मुलगा:
मसुद्यात मुंडकार कुठे आहे ते सांगा. मी मघापासून तेच विचारतोय.

साखळीकर:
अजून नाहीये. २०१४ मधे कूळ कायद्याच्या केसी मामलेदारांकडून काढून दिवाणी कोर्टात टाकल्या आणि दाव्यांना मुदत घातली, तेव्हा कुळांनीच विरोध केला आणि पुढे सरकारला ते फिरवावं लागलं. तेव्हा कलमं वाचणारे लोक तुमच्यातले होते, आमच्यातले नव्हते. म्हणून विचारतो, मामलेदाराकडच्या मुंडकार केसला निकालाची मुदत घालायची तर कशी घालायची, हे तुझ्या बाबांइतकं कोणाला माहीत आहे? पुढच्या रविवारी ग्रामसभेनंतर बसतोय, देवळाच्या सभामंडपात. येतोस?

मुंडकाराचा मुलगा:
बाबांना विचारतो. पण आधी २०२५ च्या त्या कायद्यांबद्दल तुमच्या गटाची भूमिका लेखी द्या, घरं नियमित करायला पाठिंबा की विरोध. ते न सांगता बोलावत असाल तर येणार नाही.

पेडणेकर बाय:
बरोबर मागतोय तो. साखळीकर, द्या लिहून, इथेच सगळ्यांसमोर.