डोक्यात रक्तस्राव, मग ईसीजी हार्ट अटॅकसारखा का?

सांगलीची_लेक:
आई ५८ वर्षांची. सोमवारी पूजा करताना "डोकं फुटतंय गं" म्हणाली, उलटी झाली आणि तिथंच कलंडली. जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजी काढला. टी वेव्ह (ईसीजीतली एक लाट) खाली खोल उलटलेली, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं. अटॅक म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या काढल्यासुद्धा! मी एकच धोशा लावला, छातीत नाही, डोक्यात दुखलं. शेवटी सीटी केला. शिरेचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्त. मोठ्या हॉस्पिटलात कॉइलिंग (फुग्यात बारीक तार भरून तो बंद करणं) झालं. आता टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३५ टक्के म्हणतात. तिला कधी साधी धाप लागली नव्हती. हृदय गेलं का तिचं?

नाईट_ड्यूटी_सिस्टर:
ताई, धोशा लावलात ते फार बरं केलंत. न्यूरो आयसीयूत आम्ही हे बघतो. फुगा फुटला की शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, त्यानं हृदयाचा स्नायू बधिर होतो. रक्तवाहिनी तुंबलेली नसते. म्हणून एकोत मंदावलेला भाग बहुधा एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नाही. कधी हृदय टोकाशी फुगतं, जपानी लोकांच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखं. त्याला टाकोत्सुबो म्हणतात. असे ईसीजी अमेरिकेत बर्च आणि सहकाऱ्यांनी १९५४ सालीच मांडलेत. बहुतेकांचं पंपिंग काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सुधारतं. मात्र सध्या मॉनिटरवर लक्ष हवंच. क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर) लांबलं तर ठोके बिघडतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम सांभाळावं लागतं.

बापू_कराड:
आमच्या काकांना ट्रोपोनिन वाढल्यावर लगेच स्टेंट टाकला होता. वेळ घालवू नका.

नाईट_ड्यूटी_सिस्टर:
बापू, काकांचं दुखणं वेगळं. स्टेंट टाकला की रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या लागतात, आणि इथं डोक्यात ताजं रक्त आहे. अँजिओग्राफी करायची का, कधी, हे न्यूरो आणि हार्टच्या डॉक्टरांनी मिळून ठरवू दे. ताई, त्यांना आणखी एक विचारा. चौथ्या दिवसापासून साधारण चौदाव्यापर्यंत मेंदूच्या शिरा आकसायची भीती असते. तेव्हा बीपी पडून चालत नाही, आणि हृदय थकलेलं असताना ते टिकवणं हीच खरी कसरत.

सांगलीची_लेक:
आज अकरावा दिवस. एको पुन्हा केला, ५० टक्के! निमोडिपिन (शिरा आकसण्याच्या धोक्यावरचं औषध) दर चार तासांनी चालूच आहे, २१ दिवस द्यायचंय. आई सकाळपासून चिडलीय, "दुखत होतं डोकं, आणि वायरी छातीला का लावल्यात?"