ट्रेनिंगमध्ये फेल झालेल्या पायलटला कॅप्टन होऊ द्यावं का?

सिम_मास्तर (धागाकर्ता)

ओळखीतल्या एका फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) परवा विचारलं, "सर, दुसऱ्या एअरलाइनचा फॉर्म भरतोय. आधी कुठल्या ट्रेनिंगमध्ये किंवा चेकमध्ये फेल झालात का, असा रकाना आहे. काय लिहू?" त्याच्या फाइलमध्ये दोन फेल आहेत. एक टाइप रेटिंगच्या (ठरावीक विमान उडवायच्या परवान्याच्या) वेळचा, दुसरा काही वर्षांनी कमांड अपग्रेडमधला, म्हणजे कॅप्टन होण्याच्या ट्रेनिंगमधला. बॅचमेट सांगताहेत की जुना लिहू नकोस, कोण बघतंय. मी त्याला दोन्ही तारखांसकट लिहायला सांगितलं. पण असे बरेच जण आहेत, म्हणून इथे विचारतो: असा माणूस पुढे कॅप्टन व्हावा की नाही?

माझं मत, व्हावा. अट एवढीच की त्याने काही लपवलेलं नसावं, आणि प्रत्येक वेळी तो नेमका कशात अडला हे नव्या कंपनीत कुणीतरी बसून वाचलेलं असावं.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. एअरलाइन पायलटची परीक्षा लायसन्स मिळालं की संपत नाही. वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये चेक असतो, शिवाय प्रत्यक्ष उड्डाणात रूट चेक. फेल झालं की उड्डाण बंद, करेक्टिव्ह ट्रेनिंग, मग रिचेक.

या मुलाचा पहिला फेल इंजिन फेल्युअरमध्ये झाला. ए३२० धावपट्टीवर धावतंय, व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेक-ऑफ सोडता येत नाही) डावं इंजिन जातं, नाक डावीकडे ओढायला लागतं. उजवा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) देऊन पडद्यावरची निळी खूण, बीटा टार्गेट, मधोमध आणायची आणि चारशे फुटांपर्यंत चेकलिस्टला हात लावायचा नाही. याने रडर कमी दिला आणि घाईने चेकलिस्टच्या मागे लागला. तेव्हा त्याच्या लॉगबुकात जेमतेम अडीचशे तास होते. आपल्याकडे सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) २०० तासांवर मिळतं आणि मुलं थेट जेटच्या उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या, सीटवर येतात, त्यामुळे अडीचशे तासांच्या मुलाकडून ही चूक होणं मला नवल वाटत नाही. पुढच्या प्रत्येक चेकमध्ये त्याने तेच इंजिन फेल्युअर स्वच्छ केलं.

दुसरा फेल अगदी वेगळा. विमान छान उडवलं, पण डाव्या, कॅप्टनच्या सीटवर बसल्यावर सगळं स्वतःच करायला गेला. रेडिओही तोच, केबिन क्रूशीही तोच, डायव्हर्जनचं (दुसऱ्या विमानतळाकडे वळायचं) गणितही तोच. शेजारचा माणूस रिकामा बसून राहिला. कॅप्टनला कामं वाटता आली पाहिजेत आणि ते त्याला तेव्हा येत नव्हतं.

कागदावर हे "दोनदा फेल". माझ्या लेखी, उडवायला शिकलेला आणि कमांड अजून शिकायची असलेला मुलगा.

---

खिडकीची_सीट

सिम_मास्तर, तुमची कळकळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे. मी पायलट नाही, दर आठवड्याला विमानाने फिरणारा माणूस आहे.

१२ फेब्रुवारी २००९, अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू४०० विमान पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे पन्नास जण गेले. स्टॉलचा (वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याचा) इशारा आला तेव्हा कॅप्टनने नाक खाली घालायच्या ऐवजी स्टिक मागे ओढली. त्याच्या मागे अनेक चेकराइड (उड्डाणाच्या परीक्षा) फेल होते. २३ फेब्रुवारी २०१९, ह्यूस्टनजवळ ॲटलास एअरचं ७६७ मालवाहू विमान उथळ खाडीत कोसळलं, तिघे गेले. तिथला फर्स्ट ऑफिसरही आधीच्या अनेक कंपन्यांत ट्रेनिंगमध्ये अडखळलेला होता.

सर्जन आवडला नाही तर मी दुसऱ्याकडे जाऊ शकतो. विमानाचं दार बंद झाल्यावर कॅप्टन बदलून मागता येत नाही, आणि त्याची फाइलही मला कुणी दाखवत नाही. मग दुसरी संधी देताना पणाला लागतो तो माझाच जीव ना? कधीच फेल न झालेले लोक रांगेत उभे असताना फेल झालेल्याला का घ्यायचं?

---

सिम_मास्तर

तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं मी वर्गात शिकवतो, म्हणून त्यांतली एक गोष्ट पुढे आणतो. दोन्हीकडे नोकरीच्या अर्जात सगळे फेल लिहिलेलेच नव्हते. कोलगनच्या कॅप्टनने काही चेकराइड गाळले. ॲटलासच्या फर्स्ट ऑफिसरने तर आधीच्या काही नोकऱ्याच गाळल्या, कारण तिथे ट्रेनिंग पूर्ण झालं नव्हतं.

आणि ॲटलासचं प्रकरण नीट पाहा. विमान ढगांतून उतरताना गो-अराउंड मोड (उतरणं सोडून पुन्हा वर चढायचा) चुकून चालू झाला. बहुधा फर्स्ट ऑफिसरच्या मनगटाचा किंवा घड्याळाचा धक्का बटणाला लागला. पॉवर वाढली, नाक थोडं वर गेलं. त्याला वाटलं विमान स्टॉल होतंय, म्हणून त्याने जोरात नाक खाली दाबलं. कॅप्टनच्या वेळेत लक्षात आलं नाही. सगळं साधारण अर्ध्या मिनिटात संपलं. आधीच्या कंपनीतल्या प्रशिक्षकांनी याच माणसाबद्दल सांगितलं होतं की अनपेक्षित काही झालं की तो गांगरतो आणि विचार न करता बटणं दाबत सुटतो. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसलेली तीच एक खोट. ती वाचणाऱ्याला दिसली असती. पण ॲटलासमध्ये त्याचा आधीच्या कंपनीतला कॅप्टनपदाचा फसलेला प्रयत्नही भरती करणाऱ्यांच्या नजरेतून सुटला.

आणखी मागे जा. डिसेंबर १९९४, अमेरिकेतच रॅले-डरहॅमजवळ जेटस्ट्रीम हे छोटं विमान पडलं, १५ जण गेले. कॅप्टनची आधीच्या कंपनीतली कामगिरी कच्ची होती आणि ती नव्या कंपनीपर्यंत पोचलीच नव्हती. त्यातूनच अमेरिकेत १९९६ चा पायलटांच्या नोंदींचा कायदा झाला. पंचवीस वर्षांत तीन अपघात, तिन्हींत माहिती अडली होती.

आता सांगा, "एकदा फेल म्हणजे कायमचा बाद" हा नियम केला तर पुढचा मुलगा रकान्यात काय लिहील?

---

जुना_टीआरई

सिम_मास्तर, मी तुमच्याच बाजूच्या, परीक्षकाच्या खुर्चीत अनेक वर्षं बसलोय आणि तरीही खिडकीची_सीट यांच्या बाजूने बोलणार आहे.

करेक्टिव्ह ट्रेनिंग ही तुमच्या मांडणीतली सगळ्यात कच्ची वीट आहे. उमेदवार व्ही-वन कटमध्ये (व्ही-वनला इंजिन जाण्याच्या प्रसंगात) फेल झाला की काय होतं? दोन सेशन व्ही-वन कटची घोकंपट्टी, मग रिचेकला पुन्हा व्ही-वन कट. त्याला माहीत असतं की इंजिन जाणार, कधी जाणार, बहुतेक वेळा कुठलं जाणार. पाय आधीच रडरवर तयार असतो. तो पास होतो आणि आपण "सॅटिस्फॅक्टरी" लिहून सही करतो. त्यातून एवढंच सिद्ध होतं की सांगून आलेला प्रसंग त्याला हाताळता येतो. न सांगता आलेला प्रसंग आपण तपासलेलाच नाही. ॲटलासचा तो माणूसही कुठेतरी पास होतच होता, म्हणून तर तिथवर पोचला.

दुसरी गोष्ट. रोस्टरला माणसं कमी असतात तेव्हा परीक्षकावर दबाव येतो. कुणी उघड बोलत नाही, पण "अजून एक सेशन देऊन बघा ना, कॅप्टन" एवढं वाक्य पुरतं. अशा वातावरणात दुसरी संधी हळूहळू तिसरी, चौथी होते. तुम्ही म्हणता फाइल वाचावी. फाइलमध्ये लिहिणाराच हात आखडता घेत असेल तर वाचणाऱ्याला काय कळणार?

---

क्रू_रूम

मी सध्या फर्स्ट ऑफिसर आहे. जुना_टीआरई सरांचं फाइलबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. माझ्या एका सहकारी मुलीच्या रिपोर्टवर "अनसॅट, पुअर सिच्युएशनल अवेअरनेस" (असमाधानकारक, परिस्थितीचं भान कमी) एवढंच लिहिलं होतं. काय चुकलं, कुठल्या टप्प्यावर चुकलं, काहीच नाही. तिने नंतर लेखी विचारलं तेव्हा कुठे दोन ओळी वाढल्या. पुढच्या मुलाखतीत पॅनेलने ते मूळचेच शब्द वाचले आणि पाच मिनिटांत विषय संपवला.

फेल होणाऱ्यांनो, डीब्रीफमध्ये (चेकनंतरच्या चर्चेत) गप्प बसू नका. मान खाली घालून बाहेर पडायची घाई झालेली असते, मला कळतं. पण त्याच टेबलावर परीक्षकाला विचारा, "सर, नेमकं काय झालं ते रिपोर्टमध्ये लिहाल का?" बहुतेक जण लिहितात.

---

डॅलसहून_मराठी

इथली, अमेरिकेतली पद्धत सांगते. मी रीजनल एअरलाइनमध्ये उडवते आणि मोठ्या कंपनीच्या मुलाखतीची तयारी करतेय. माझ्या नावावर इन्स्ट्रुमेंट चेकराइडचा (बाहेर न दिसता उपकरणांवर उडवायच्या परीक्षेचा) एक डिसअप्रूव्हल, म्हणजे फेल, आहे.

कोलगननंतर अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) २०१० मध्ये कायदा केला. त्यातून २०१३ मध्ये फर्स्ट ऑफिसरलाही साधारण १५०० तासांची अट आली. पूर्ण स्टॉलमधून सावरायचं प्रशिक्षण सिम्युलेटरवर सक्तीचं झालं, आणि कच्च्या पायलटांवर वेगळं लक्ष ठेवायची जबाबदारी एअरलाइनवर आली. पायलटांच्या नोंदींचा मध्यवर्ती डेटाबेस मात्र रखडला. ॲटलास अपघाताच्या चौकशी अहवालात त्या दिरंगाईवरही बोट ठेवलं आहे. शेवटचा नियम २०२१ मध्ये आला. आता कंपनीला घेण्याआधी नोंदी पाहाव्याच लागतात, आणि त्या नोंदी पायलटचा मृत्यू होईपर्यंत किंवा वयाच्या ९९ व्या वर्षापर्यंत राहतात. आपली नोंद आपल्याला पाहता येते, चूक असेल तर दुरुस्ती मागता येते.

यामुळे लपवायचा प्रश्नच मिटला, आणि खरं सांगते, मनावरचं ओझं उतरलं. मुलाखतीत विचारतातच. उत्तर तीन-चार वाक्यांत द्यायचं: काय झालं, माझं काय चुकलं, त्यानंतर काय बदललं. परीक्षकाला, हवेला किंवा विमानाला दोष दिला की तिथेच संपतं. एक-दोन जुने फेल असलेले कितीतरी जण मोठ्या कंपन्यांत गेलेले मी पाहते. जे अडकतात त्यांचे फेल बहुतेक वेळा अलीकडचे असतात, किंवा एअरलाइनच्या ट्रेनिंगमधले. शिकाऊपणातल्या फेलला वेगळं माप लावतात आणि ते मला योग्य वाटतं.

---

पायलटची_आई

मी तांत्रिक काही बोलू शकत नाही. माझा मुलगा गोंदियाला शिकला. सीपीएल आणि टाइप रेटिंग धरून पन्नास लाखांच्या वर गेले, घर गहाण आहे. तो एकदा फेल झाला तेव्हा त्याने आम्हांला महिनाभर सांगितलंच नाही. मुलांवर किती दडपण असतं याचा विचार नियम करणाऱ्यांनी करावा. एका वाईट दिवसावरून त्याचं सगळं आयुष्य ठरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

---

खिडकीची_सीट

ताई, तुमच्या घरावर काय ओझं असेल ते समजतं, आणि मुलाला यश मिळो. पण कर्जाचा मुद्दा सुरक्षिततेच्या चर्चेत आला की मला भीती वाटते. २०११ मध्ये गोव्याला एक विमान पुढच्या चाकावर उतरलं. चौकशी झाली तेव्हा पायलटची एटीपीएलची (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या लायसन्सची) गुणपत्रिकाच बनावट निघाली, आणि मग अशी आणखी प्रकरणं बाहेर आली. पैसे अडकलेत, वय निघून चाललंय, याच दडपणाखाली माणसं असल्या वाटेला लागतात. सहानुभूती कर्जाच्या हप्त्यांत मिळावी, चेकच्या निकालात नको.

डॅलसहून_मराठी यांचं पटलं. नोंद सगळ्यांना दिसणारी असेल तर माझा अर्धा विरोध संपतो. उरलेला अर्धा जुना_टीआरई यांनी मांडलाय आणि त्याला सिम_मास्तर यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

---

सिम_मास्तर

देतो. घोकून पास होता येतं हे खरं आहे. म्हणूनच आयकाओने (आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने) २०१३ मध्ये एविडन्स बेस्ड ट्रेनिंगची (पुराव्यावर आधारित प्रशिक्षणाची) चौकट आणली. तिच्यात ठरलेल्या कसरतीला पास-फेल देण्यापेक्षा निर्णय, संवाद, कामाची वाटणी, हाताने उडवणं अशा क्षमतांना एक ते पाच गुण देतात, आणि प्रसंग आधी सांगून ठेवत नाहीत. रिचेक याच पद्धतीने घ्या. व्ही-वन कटला फेल झालेल्याला रिचेकमध्ये व्ही-वन कट तर द्याच, पण त्यानंतर उतरताना हजार फुटांवर धावपट्टी बंद करा, पंखांचे फ्लॅप अडकवा आणि बघा हा गांगरतो की आधी विमान सांभाळतो. जिथे असं होत नाही तिथे तुमचा आक्षेप मी मान्य करतो. तिथला रिचेक मीही पुरावा म्हणून धरणार नाही.

त्या मुलाला मी दिलेला सल्लाही लिहितो, कुणाच्या कामी येईल. कमांडची घाई करू नकोस. आपल्या ट्रेनिंग फाइलची प्रत मागून घे. पुढचं वर्षभर प्रत्येक कॅप्टनला उड्डाणाआधीच सांग की आज डायव्हर्जनचा निर्णय मला आधी बोलू द्या, मग तुमचा सांगा. सिम्युलेटरला जोडीदार म्हणून बसायला कुणी नसेल तर स्वतःहून नाव दे, दुसऱ्याला चुकताना बघून खूप शिकता येतं. आणि नवी एअरलाइन घेत असेल तर आधी उजव्या सीटवर दोन वर्षं काढ, थेट अपग्रेडच्या आश्वासनावर उडी मारू नकोस.

---

जुना_टीआरई

न सांगता घेतलेला रिचेक असेल तर माझी हरकत बरीच कमी होते. पण एक रेषा तुम्ही अजून आखलेली नाही. तुमच्या या मुलाला मीही कदाचित संधी देईन. पण ज्याची खोट सुधारतच नाही त्याचं काय? कधी थांबवणार?

---

सिम_मास्तर

दोन वेगळ्या परीक्षकांनी, दोन वेगळ्या विमानांवर, तीच खोट लिहिली असेल आणि ती गांगरण्याची असेल, तर कमांड नाही. कितीही तास असोत, कितीही चांगला माणूस असो. उजव्या सीटवर ठेवायचं का, हेही मग नव्याने तपासायचं, कारण ॲटलासमध्ये नाक दाबणारा हात फर्स्ट ऑफिसरचाच होता. आणि हे त्याला तोंडावर, कारणांसकट सांगायचं. नुसतं "पुढच्या वर्षी बघू" म्हणून पिटाळलं तर तो दुसरीकडे अर्ज करणारच.

---

जुना_टीआरई

गांगरण्यासाठी मला दुसऱ्या परीक्षकाचीही वाट बघावीशी वाटत नाही. एकदा स्पष्ट दिसलं की कमांडचा विषय माझ्याकडून बंद. यावर आपलं जमणार नाही.