‘मुदतवाढ मागणे’ की ‘विकल्प बजावणे’?

प्रश्न : व्यापारी जागेच्या भाडेपट्ट्यात मुदतवाढीचा विकल्प असताना पत्रात ‘मुदतवाढ मिळावी’ असे लिहिणे आणि ‘विकल्प बजावत आहोत’ असे लिहिणे, यांत फरक अर्थाचा आहे की केवळ शैलीचा?

उत्तर : अर्थाचा. मागितलेली गोष्ट देणे वा न देणे समोरच्याच्या हाती असते. विकल्प, म्हणजे ठरल्या तारखेच्या आत नोटीस देऊन मुदत वाढवून घेण्याचा भाडेकरूचा हक्क, मात्र करारातच देऊन झालेला असतो. ‘बजावणे’ आपण हक्कालाही लावतो आणि नोटिशीलाही, शिवाय ‘बजावून सांगणे’ यात निक्षून सांगितल्याची छटा आहे, आणि या तिन्ही छटा येथे एकाच वेळी लागू पडतात. एका मसुद्यात मी वाचलेले वाक्य असे होते : ‘आम्ही मुदतवाढ घेऊ इच्छितो, मात्र भाडे कमी करावे ही विनंती.’ ‘इच्छितो’ने निर्णय लांबला, ‘मात्र’ने अट आली आणि ‘विनंती’ने हक्काची याचना झाली. नम्रता इथे अंगाशी येते.

इंग्लंडमधील ‘हाइड विरुद्ध रेंच’ या १८४० सालच्या खटल्यात १००० पौंडांना देऊ केलेले शेत खरेदीदाराने ९५० ला मागितले आणि नकार मिळाल्यावर १००० कबूल केले. तरी करार झालाच नाही, कारण प्रतिप्रस्तावाने मूळ प्रस्ताव संपला होता. मोबदला देऊन मिळवलेला विकल्प साध्या प्रस्तावाहून चिवट असतो हे खरे, पण सशर्त पत्र म्हणजे विकल्प बजावणे नव्हे, आणि बोलणी रेंगाळत असताना कलमातील अंतिम तारीख निघून जाते. ही तारीख न्यायालये काटेकोरपणे पाळायला लावतात.

पुरवणी प्रश्न : मग घासाघीस करूच नये काय?

उत्तर : करावी, पण लवकर, आणि वेगळ्या पत्राने. एकदा बिनशर्त नोटीस गेली की भाडे उतरवण्याचे मालकाला कारण उरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. शिवाय ‘मुदतवाढ’ म्हणजे तोच पट्टा पुढे चालू राहणे आणि ‘नूतनीकरण’ म्हणजे नवा पट्टा. अटी फार बदलल्या तर पहिल्याचे दुसरे होऊन जुना जामीनदार मोकळा होऊ शकतो किंवा पुढील विकल्प गळू शकतो. तारीख जवळ आली असेल, तर मी इतकेच लिहीन : ‘भाडेपट्ट्यातील संबंधित कलमान्वये असलेला मुदतवाढीचा विकल्प आम्ही या नोटिशीद्वारे बिनशर्त बजावत आहोत.’