मदत हवी आहे: गाभडलेल्या गाई आणि लांबलेला ताप, दोन्हींच्या नोंदी जोडायच्या कशा?

सोलापुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतोय, प्रकल्पाला ब्रुसेलोसिस घेतलाय. या रोगात गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते. ती उघड्या हातांनी काढणाऱ्याला किंवा कच्चं दूध पिणाऱ्याला तोच जंतू गाठतो. मग चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी. पुष्कळदा टायफॉईड समजूनच औषधं चालतात.

मला बघायचंय एवढंच: सांगोला-मंगळवेढ्याकडे गाई गाभडल्याच्या नोंदी वाढल्या, तर काही आठवड्यांनी तिथे लांबलेल्या तापाचे रुग्णही वाढतात का?

जनावरांच्या नोंदी 'भारत पशुधन' या सरकारी पोर्टलवर, कानातल्या १२ आकडी बिल्ल्यानुसार. माणसांच्या २०२१ पासून आयएचआयपीवर, म्हणजे आरोग्य खात्याच्या रोगनोंदीच्या पोर्टलवर. पण सगळ्यांना दिसतात ते साप्ताहिक उद्रेक-अहवाल, आणि एकेकटा रुग्ण म्हणजे उद्रेक नव्हे. त्यात एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. वर पशुवैद्यकीय दवाखान्याची हद्द एक, प्राथमिक आरोग्य केंद्राची दुसरी. जागतिक पशुआरोग्य संघटनेचा डेटा (वाहिस) पाहिला, तो तालुक्यापर्यंत उतरतच नाही.

जोडायचं कशावर? किती आठवड्यांचं अंतर धरू? परवानगी कोणाकडे मागू?

गोठेवाला
गावाच्या नावावर जोडू नका राव, हाती काही लागणार नाही. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला कोड आहे, तो दोन्हीकडे लावा आणि मग तालुक्यापर्यंत बेरीज करा. हद्दींचं भांडण तिथंच मिटतं.

दुसरं, बाजार. सांगोल्याच्या बाजारात विकलेल्या गाईचा मालक बदलला तरी नोंद बदलेलच असं नाही. बिल्ला जुन्या गावात आणि गाय कर्नाटकातल्या इंडीच्या बाजूला, म्हणजे राज्यच वेगळं! असे बिल्ले वेगळे काढा.

आणि 'रोज बंगाल' ही ब्रुसेलोसिसची रक्तचाचणी पॉझिटिव्ह दिसली म्हणून लगेच रोग मोजू नका. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एस-१९ लस देतात, तिच्यामुळेही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लसीकरणाची तारीख सोबत पाहिजेच.

तापमापक
लागण झाल्यावर ताप यायला साधारण २ ते ४ आठवडे, कधी दोन महिनेही लागतात. त्यामुळे एकच अंतर न धरता १ ते ८ आठवडे सगळे तपासा.

आयएचआयपीत उपकेंद्राचा एस, वैद्यकीय अधिकाऱ्याचा पी आणि प्रयोगशाळेचा एल, असे तीन अर्ज असतात. तिन्ही एकत्र मिसळलेत तर एकच माणूस तीनदा मोजाल. शून्य रुग्ण आणि अहवालच न आलेला आठवडा, हे रकानेही वेगळे ठेवा.

परवानगीला विद्यापीठाच्या नैतिकता समितीचं पत्र घेऊन जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे जा, पशुसंवर्धन उपायुक्तांकडेही. नावं मागू नका, आठवडावार तालुक्याचे आकडे मागा. लहान गावात एकच रुग्ण असला तरी सगळ्यांना कळतं तो कोण.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. गोठेवाले दादा, इंडीकडे गेलेल्या गाई निव्वळ बिल्ल्यावरून ओळखता येतात का, की लसीकरणाच्या फेरीतली नोंद लागेल?